भंगारवाला ज्याला हात लावत नाही

आत्याची इमारत पुनर्विकासाला गेली आणि तिची दोन खोल्यांची जागा रिकामी करायला आम्ही भावंडं जमलो. भांडीकुंडी, कपडे, पुस्तकं, देवघर हे सगळं चार संध्याकाळींत मार्गी लागलं. फर्निचरला तीन आठवडे लागले. आजोबांच्या वेळचा सागवानी पलंग, लोखंडी कपाट, आतेभावाच्या लग्नात केलेला प्लायचा बॉक्सचा पलंग, काचेच्या दारांची शोकेस, रेक्झीनचा सोफा, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि तीन गाद्या. आत्या मुलाकडे राहायला जाणार होती. तिथे घर भरलेलं होतं, त्यामुळे यातलं काहीच न्यायचं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं खोलीभर एक फेरी मारली. प्रत्येक वस्तूवर बोटाचं पेर वाजवलं, सोफा एका बाजूनं उचलून खालून पाहिला, बॉक्सच्या पलंगाचं झाकण उघडून आत हात फिरवला. मग म्हणाला, "कपाट नेतो, खुर्च्या नेतो. पलंग सागवानी आहे, त्याचं बघू. बाकी नको, ताई."

"फुकट ने."

"फुकटात पण परवडत नाही. प्लाय कोण घेतं? टेम्पोचं भाडं अंगावर पडतं."

दुसरा बोलावला, तिसरा बोलावला. तिघांचंही उत्तर एकच. तिसऱ्यानं वर सांगितलं की, उचलून हवं असेल तर हमालीचे पैसे तुम्ही द्या. पुढे ते कुठे जाईल असं विचारलं तेव्हा तो नुसता हसला.

त्या तीन आठवड्यांनंतर मी या प्रश्नाच्या मागे लागले. घरातलं नकोसं फर्निचर जातं कुठे, कोण नेतं, कोण नेत नाही, कायदा काय म्हणतो, दुसरीकडे लोक काय करतात, हे जमेल तितकं पाहिलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. आपल्या शहरांत टाकाऊ वस्तूंचा एक कसलेला परीक्षक आधीपासून आहे, तो म्हणजे भंगारवाला. तो जे नेतो त्याची काळजी करायचं कारण नाही. तो ज्याला हात लावत नाही ती वस्तू आज कोणाचीच नाही. म्हणून या आढाव्यात मी योजनांच्या नाही, मालाच्या क्रमानं जाणार आहे.

लोखंडाचा प्रश्न सुटलेलाच आहे. गोदरेजनं पोलादी कपाटं करायला सुरुवात केली ती १९२३ मध्ये. तेव्हापासून मराठी मध्यमवर्गीय घरात लग्न, बारसं, दागिने, घराची कागदपत्रं या सगळ्यांचा साक्षीदार म्हणजे लोखंडी कपाट. ते दोन-तीन पिढ्या टिकतं, गंजलं तर रंगवता येतं, कुलूप बिघडलं तर बदलता येतं आणि अगदीच नको झालं तर किलोवर जातं. पोलाद वितळवून पुन्हा पोलाद होतं. आपल्याकडे जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून बांधकामाची सळई तयार करतात. आत्याचं कपाट तिकडे गेलं असेल, तर आज ते कोणाच्या तरी स्लॅबमध्ये असेल. प्लास्टिकच्या खुर्चीचंही तसंच. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची, पॉलिप्रॉपिलीनची, एका साच्यात ओतलेली असते. मोडली की दळून तिचे दाणे करतात आणि धारावीसारख्या ठिकाणाहून ते पुन्हा कारखान्यात जातात. उन्हानं कडक झालेल्या प्लास्टिकला भाव कमी मिळतो, पण मिळतो.

लाकडाची गोष्ट सांगायला मला जास्त जागा लागेल, कारण ती आपल्या घरांची गोष्ट आहे.

जुन्या मराठी घरात फर्निचर असं फार नव्हतंच. बसायला पाट, पूजेला चौरंग, पाणी ठेवायला घडवंची, भिंतीत कोनाडे आणि फडताळ, धान्याला कणगी, कपड्यांना पेटारा. रात्री अंथरूण घातलं की सकाळी त्याची वळकटी व्हायची आणि तीच खोली दिवसभर मोकळी असायची. टेबल, खुर्ची, पलंग साहेबाच्या काळात हळूहळू मध्यमवर्गात आले आणि आले ते सुतारानं घरी बसून केलेले. आत्याचा पलंग तसाच होता. तो काढायला आलेला म्हातारा सुतार आधी दोन मिनिटं नुसता उभा राहिला. मग त्यानं लाकडी हातोड्यानं खुरांजवळ चार ठोके दिले, एक खुंटी बाहेर काढली आणि पलंगाच्या आडव्या पट्ट्या एकामागून एक सुट्या होऊन आल्या. त्यात खिळा एकच होता, तोही नंतर कोणीतरी मच्छरदाणीसाठी मारलेला. पाव तासात पलंगाची मोळी झाली आणि अरुंद जिन्यातून दोन माणसं ती सहज घेऊन उतरली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्यानं तो केला, त्यानं तो कधीतरी काढावा लागेल हे धरूनच केला होता.

अशा लाकडाला गिऱ्हाईक आहे. पुण्यात वाडे पडायला लागले तेव्हा त्यांचे खांब, तुळया, दारं, चौकटी पाडकाम करणाऱ्या ठेकेदारांनी वेगळ्या काढून विकल्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात आणि शहराबाहेरच्या वखारींत जुनं सागवान आजही मिळतं. नव्या सागवानापेक्षा ते जास्त मुरलेलं असतं, वाकत नाही. म्हणून जाणते लोक मुद्दाम तेच शोधतात. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुनं सामान रंधा मारून, पॉलिश करून नवं होऊन उभं राहतं आणि चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर ते जुनं म्हणूनच दुप्पट भावात जातं. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या घरांतून शिसवी खुर्च्या, कोरीव पलंग, वेताच्या आरामखुर्च्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं उचलल्या, पुष्कळदा घरच्यांना त्यांची किंमत कळायच्या आत.

इथे मला एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. जुनं लाकडी सामान काढण्याआधी ते एका जाणत्या सुताराला दाखवावं, व्यापाऱ्याला नंतर. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यांतले कितीतरी दिवे, अडकित्ते, पेट्या, दारं दिनकर केळकरांनी गोळा केली तेव्हा लोकांच्या लेखी ती अडगळच होती. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' हे संग्रहालय उभं केलं, तेही लोकांनी टाकून दिलेल्या अवजारांतून आणि सामानातून. प्रत्येक घरातली घडवंची संग्रहालयात जायच्या योग्यतेची नसते हे खरं, पण ती कशाची आहे एवढं तरी घरातल्या कोणाला माहीत असावं.

आता त्या बॉक्सच्या पलंगाकडे येऊ.

तोही त्याच सुतारानं काढायला घेतला. स्क्रू फिरवला तसा तो भुशासकट बाहेर आला. फळी हलवली, तर कोपरा हातात आला. ओल लागून खालची बाजू पुरीसारखी फुगली होती. सनमायकाचा पापुद्रा निघाला आणि आत चॉकलेटी भुसा. अर्ध्या तासानं सुतार म्हणाला, "हे काढता येत नाही, फोडावंच लागतं." आणि ते फोडलं. पलंगाचे चौदा तुकडे झाले, त्यातला एकही पुन्हा कशाच्या कामाला येण्यासारखा नव्हता.

यात प्लायला नावं ठेवायची नाहीत. जंगलतोडीवर निर्बंध आले, सागवान आवाक्याबाहेर गेलं, तेव्हा शेताच्या बांधावरच्या पॉप्लर-निलगिरीच्या झाडांपासून प्लाय करणारा उद्योग उभा राहिला. हरियाणातलं यमुनानगर हे त्याचं मोठं केंद्र. पार्टिकल बोर्ड तर लाकडाच्या चुऱ्यापासून, उसाच्या चिपाडापासूनही होतं. जंगल वाचवण्याच्या दृष्टीनं हा माल चांगलाच. अडचण आहे ती त्याच्या शेवटाची. हे थर आणि चुरा धरून ठेवतो तो गोंद बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. वर सनमायका, कडेला प्लास्टिकची पट्टी, मागे आणखी काही चिकटवलेलं. चार वेगळे पदार्थ एकमेकांपासून कधीच सुटणार नाहीत अशा बेतानं एकत्र केलेले. लोखंडवाल्याला त्यात लोखंड नाही, लाकूडवाल्याला लाकूड नाही.

मग हे जातं कुठे? जाळण्याकडे. वॉचमनच्या शेकोटीत जातं, बंबात जातं. मुंबईत मोठ्या प्रमाणावर बेकऱ्यांच्या भट्ट्यांत गेलं. पावाच्या भट्टीला जळण म्हणून जुन्या फर्निचरचं आणि पाडलेल्या इमारतींचं भंगार लाकूड वापरलं जातं, कारण ते चांगल्या सरपणापेक्षा स्वस्त पडतं. रंग, पॉलिश, गोंद, सनमायका यांच्यासकट ते जळतं. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करणारा पदार्थ आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फार पूर्वी ठरवलेलं आहे. गोंदाचं लाकूड अर्धवट जळतं तेव्हा धुरात तो आणि त्याची भावंडं असतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शहराच्या हवेबद्दलच्या सुनावणीत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं.

आदेश योग्यच आहे. भट्टीसमोर दिवसाचे दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराचा विचार केला तरी तो योग्य आहे. पण यातून निघणारी दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. प्लायच्या भंगाराला मुंबईत एक गिऱ्हाईक होतं, वाईट का होईना, आणि आता तेही जाणार. भट्टी बंद झाली म्हणून शोकेस बनायच्या थांबत नाहीत. तो माल आता नाल्यात, खाडीच्या कडेला, महामार्गालगतच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन पडणार आणि तिथे कोणीतरी तो उघड्यावर पेटवणार. एक दार बंद करताना दुसरं उघडायला हवं होतं. ते उघडलेलं नाही.

गादीचं दुखणं याहून मोठं. लहानपणी हिवाळा आला की तारेचा टणटण आवाज करत पिंजारी दारावरून जायचा. आई गादी उसवून द्यायची. अंगणात कापसाचा ढीग पडायचा, तो पिंजला की दुप्पट फुगायचा आणि त्यात चार मुठी नवा कापूस घालून संध्याकाळपर्यंत तीच गादी नव्या खोळीत घरात यायची. कापसाच्या गादीला शेवट असा नव्हताच. तिची उशी व्हायची, उशीची बाळाची दुपटी-गोधडी व्हायची, उरलेला कापूस मातीत जायचा. माणूस गेला तर दिवसांच्या विधींत शय्यादान असायचं. ज्या अंथरुणावर माणूस गेला ते घरात ठेवायचं नाही, ही भावना अजूनही पक्की आहे. मात्र त्या भावनेची आजची वाट नदीकाठाकडे जाते. पुण्यात मुठेच्या काठानं सकाळी चालायला जाणाऱ्याला पुलाखाली पडलेली गादी, उशी, चादर यांचं बोचकं दिसलं नाही असं होत नाही. ज्यांनी ते टाकलं त्यांच्या मनात दुःखच असतं, बेपर्वाई नसते. त्यांना दुसरी जागा माहीत नसते, कारण ती नाहीच.

आजची गादी फोमची. फोम म्हणजे पॉलियुरेथेन, खनिज तेलापासून केलेला. तो कुजत नाही, दाबला तरी पुन्हा फुगतो, म्हणून कचराभूमीवर तो दबून बसत नाही, वर येतो. पेटला तर त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. फर्निचरच्या आगीत माणसं भाजण्याआधी गुदमरून जातात त्याचं हे एक कारण. कारखान्यातली फोमची कातरण गोळा करून, गोंद लावून, दाबून नव्या गादीचा कडक थर बनवतात, ते चांगलं चालतं. पण घरातून आलेली दहा वर्षं वापरलेली, डागाळलेली, ढेकणांची शंका असलेली गादी त्या कारखान्याला नको असते. स्प्रिंगची गादी असेल तर आतलं पोलाद भंगारवाला घेतो, मात्र ते सोडवायला गादी फाडावी लागते. तो ती रस्त्याच्या कडेला फाडतो, तारा घेऊन जातो आणि फोम तिथेच राहतो.

दर पावसाळ्याआधी मुंबईच्या नाल्यांतून गाद्या, सोफ्याचे सांगाडे, फळ्या निघतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या पुरानं त्या दिवशी काय केलं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुलाच्या कमानीत अडकलेली एक गादी किती पाणी अडवते हे वेगळं सांगायला नको.

कायद्याचं चित्र चमत्कारिक आहे. २०१६ हे वर्ष कचऱ्याच्या नियमांचं वर्ष होतं. प्लास्टिक, राडारोडा, घनकचरा या सगळ्यांचे नवे नियम त्याच वर्षी आले. घनकचऱ्याचे नियम सांगतात की रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात कचरा टाकू नये, जाळू नये, पुरू नये. मोबाइल आणि फ्रीज यांच्यासाठी ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांत वस्तू बनवणाऱ्यावर तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली. बॅटरीलाही असे नियम आहेत. तुटलेल्या विटेला आहेत. सोफ्याला नाहीत. तो ना ओला, ना सुका, ना घातक. कायद्यानं कचरा म्हणून त्याला पकडता येतं, पण त्याची सोय लावायला कोणीच बांधलेला नाही. घंटागाडीवरचा माणूस "हे आमच्याकडे येत नाही" म्हणतो तेव्हा तो काम चुकवत नसतो. त्याच्या गाडीत शोकेस मावत नाही, एवढंच.

सोयी अगदीच नाहीत असंही नाही. मे २०२३ मध्ये स्वच्छ भारत मोहिमेत शहरोशहरी जुन्या वस्तू घेणारी केंद्रं निघाली, पण तिथे भर कपडे, पुस्तकं, खेळणी, चपला यांवर होता. मला त्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते पुण्याचं काम. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या साथीनं उभी राहिली आणि तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, जी २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघर कचरा गोळा करते. याच संस्थेनं जुने कपडे, भांडी, विजेच्या वस्तू, फर्निचर, गाद्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी घेण्याच्या मोहिमा चालवल्या. ज्या बायका रोज कचरा हाताळतात त्यांना कशाचं काय होऊ शकतं हे माहीत असतं, म्हणून तिथे वस्तू नुसती गोळा होत नाही, निवडली जाते. मुंबईत राडारोड्यासाठी 'डेब्रिज ऑन कॉल' आहे. फोन करा, पैसे भरा, गाडी येते. तोडलेल्या भिंतीसाठी जे जमतं ते तोडलेल्या पलंगासाठी न जमायला काही कारण दिसत नाही.

बाहेर पाहिलं तर तीन तऱ्हा आढळतात. जपानमध्ये मोठ्या कचऱ्याला 'सोदाई गोमी' म्हणतात. पालिकेला कळवायचं, वस्तूच्या आकारानुसार दुकानातून स्टिकर विकत घ्यायचा, तो वस्तूवर लावायचा आणि सांगितलेल्या सकाळी ती दाराशी ठेवायची. टाकणारा पैसे देतो. जर्मनीत 'श्पेरम्युल' असतं, म्हणजे ठरलेल्या दिवशी जड सामान रस्त्याकडेला ठेवायचं. पालिकेची गाडी यायच्या आत ज्याला हवं तो उचलून नेतो. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांच्या खोल्यांतलं टेबल, खुर्ची, दिवा पुष्कळदा असाच आलेला असतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. फ्रान्सनं तिसरा रस्ता धरला. २०१३ पासून तिथे नवं फर्निचर घेताना बिलात एक लहानशी रक्कम वेगळी दाखवलेली असते. ती जुनं फर्निचर गोळा करून सोडवण्यासाठी वापरली जाते. अमेरिकेत कनेटिकट, कॅलिफोर्निया अशा मोजक्या राज्यांनी २०१५ पासून गाद्यांपुरतं हेच केलं. बाकी अमेरिकेकडून शिकायचं ते उलट आहे. २०१८ मध्ये तिथे सुमारे १ कोटी २१ लाख टन फर्निचर टाकलं गेलं आणि त्यातलं जवळजवळ ८० टक्के थेट जमिनीत पुरलं गेलं. ही तिथल्याच पर्यावरण खात्याची आकडेवारी आहे.

ब्रिटनची गोष्ट सावध करणारी आहे. घरांना आगी लागून माणसं जायला लागली म्हणून १९८८ मध्ये तिथे सोफ्यांसाठी कडक नियम झाले. ते पाळायला कारखान्यांनी फोममध्ये आणि कापडात आगरोधक रसायनं घातली. पुढे कळलं की त्यांतली काही रसायनं निसर्गात मोडत नाहीत आणि शरीरात साठत जातात. आता २०२३ पासून तिथे कचऱ्यात निघालेले असे सोफे, आरामखुर्च्या पुरता येत नाहीत, योग्य भट्टीत जाळूनच नष्ट करावे लागतात. चांगल्या हेतूनं घातलेली वस्तू पस्तीस वर्षांनी गळ्याशी आली. आपल्याकडे सोफा घेताना आत काय भरलं आहे हे विचारायचीही पद्धत नाही.

विकणं आणि देणं याबद्दल थोडक्यात. मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीत पाच वर्षांच्या आतलं, सुटं होणारं, फोटोत नीट दिसणारं सामान जातं. त्याहून जुनं जात नाही. फर्निचर भाड्यानं देणाऱ्या कंपन्या मोठ्या शहरांत चालतात आणि दर दोन वर्षांनी गाव बदलणाऱ्या तरुणांसाठी ती व्यवस्था खरोखर बरी. वस्तू कंपनीची राहते म्हणून ती दुरुस्त करून पुन्हा वापरण्यात तिचा स्वार्थ असतो.

देण्याबद्दल मात्र मला कठोर बोलायचं आहे. आपल्याकडे घरकामाच्या मावशींना पहिला प्रश्न असतो, "मावशी, तुम्ही नेता का?" आत्याकडेही तोच विचारला गेला. मावशींनी सोफ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, माझी खोली दहा बाय दहा. हा ठेवला तर आम्ही झोपायचं कुठे?" तरी त्या नको म्हणायला कचरत होत्या, कारण नको म्हटलं तर मालकिणीला वाईट वाटेल. जी वस्तू आपल्याला भंगारवालाही घेत नाही म्हणून छळते आहे ती मावशींच्या गळ्यात घालणं हे दान नाही. त्यांच्याकडून ती शेवटी वस्तीच्या नाल्यातच जाणार आणि मग आपणच म्हणणार की वस्तीतले लोक घाण करतात. वृद्धाश्रम, वसतिगृहं, शाळा यांना विचारलं तर त्यांच्या गरजा ठरलेल्या असतात. लोखंडी कपाट, टेबल, खुर्च्या, पुस्तकांची मांडणी चालते. मोठा सोफा आणि वापरलेली गादी नको असते, आणि त्यात त्यांचं बरोबर आहे. ढेकूण एकदा चाळीस खाटांच्या खोलीत शिरला की निघत नाही.

हा प्रश्न आता वेगानं वाढणार आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणसं ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. शंभर वर्षांच्या चाळीतून निघताना कोणी काय मागे ठेवलं आणि नव्या घरासाठी काय नवं केलं याचा विचार करून पाहा. मुंबई, ठाणे, पुण्यात पुनर्विकासाला गेलेल्या प्रत्येक इमारतीत हेच चाललं आहे. चावी द्यायच्या आदल्या रात्री आवारात सोफ्यांचा ढीग लागतो आणि सकाळी तो पाडकामाच्या ठेकेदाराच्या गळ्यात पडतो. तो त्यातलं विकण्यासारखं काढतो आणि उरलेलं राडारोड्याच्या गाडीत घालतो. जिथे पुनर्विकास नाही तिथे ते जिन्याखाली, गच्चीच्या दाराशी, मजल्याच्या पॅसेजमध्ये साठतं. आग लागली तर लोक ज्या वाटेनं खाली धावणार त्याच वाटेवर सुकं प्लाय आणि फोम रचलेला असतो. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा या वाटा मोकळ्या ठेवायला सांगतो. कितीशा सोसायट्या ते पाळतात हे प्रत्येकानं आपल्याच जिन्यात पाहावं.

माझं मत असं की फ्रान्ससारखं शुल्क आपल्याकडेही नव्या गादीवर आणि प्लायच्या तयार फर्निचरवर लावावं. भंगारवाल्याला फोम आणि प्लाय परवडत नाही, कारण त्यात त्याला वाहतुकीचेही पैसे सुटत नाहीत. खरेदीच्या वेळी गोळा झालेल्या पैशातून ते भाडं त्याला दिलं, तर तोच माणूस, तोच टेम्पो हे काम करेल. त्यासाठी नवी यंत्रणा उभी करायची गरज नाही. आहे त्या यंत्रणेला दोन रुपये सुटतील एवढंच करायचं आहे. प्रत्येक वॉर्डात महिन्यातून एक दिवस आणि एक जागा ठरवावी, जिथे फोम, प्लाय, लोखंड वेगळं होईल, आणि जाळायचंच असेल तर ते सिमेंटच्या भट्टीत, धुरावर देखरेख असलेल्या ठिकाणी जळेल. पुनर्विकासाच्या करारात जागा रिकामी करतानाच्या सामानाची सोय विकासकाची, असं एक कलम घालायला सोसायट्यांना आजही कोणी अडवलेलं नाही.

आणि नवं घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा, "हे सुटं होतं का?" स्क्रूनं जोडलेलं असेल, फळ्या वेगळ्या होत असतील, गादीची खोळ चेननं निघत असेल, तर तेच घ्यावं. त्याला दोन हजार जास्त पडले तरी द्यावेत.

आत्याचा सागवानी पलंग माझ्या चुलतभावानं नेला. त्याची मुलगी त्यावर झोपते. सोफा आणि शोकेस पैसे देऊन उचलायला लावली. ती कुठे गेली हे मला माहीत नाही आणि त्याची मला लाज वाटते. तीन गाद्यांपैकी दोन कापसाच्या होत्या, त्या उसवून कापूस दिला. तिसरी काथ्या आणि फोमची. ती मी गॅलरीत बसून कात्रीनं उसवली, त्याला एक अख्खी दुपार गेली. काथ्या कुंड्यांच्या तळाशी घातला, खोळीची पायपुसणी झाली. फोमची गुंडाळी करून ती सुतळीनं बांधली आणि माळ्यावर ठेवली. ती घेणारी जागा शहरात झाली, की त्या दिवशी मी स्वतः ती नेऊन देणार आहे.